दार सहाव्या वर्षी, दाखला आठव्या वर्षी

जून २०२२ मध्ये, शाळा दोन वर्षांनी पुन्हा पूर्ण भरायला लागल्या त्या महिन्यात, ठाण्याच्या लोकमान्य नगरातून एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मी नौपाड्यात एका खोलीत अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसॅबिलिटी, एलडी) असलेल्या, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अडणाऱ्या मुलांना शिकवते. सरकारी कागदावर याला 'उपचारात्मक अध्यापन' म्हणतात, पालक सरळ 'एलडीचा क्लास' म्हणतात. मुलगा तेव्हा पावणेआठ वर्षांचा, खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत तिसरीत. शाळेनेच पाठवलं होतं, पण चिठ्ठीवर एवढंच: 'वाचनात मागे, लक्ष नाही, पालकांनी लक्ष द्यावे.'

हे प्रकरण लिहून ठेवायचं कारण मुलगा नाही. त्याच्यासारखी मुलं दरवर्षी येतात. कारण आहे त्यानंतरची अडीच वर्षं, ज्यात आम्ही सगळे एकाच प्रश्नामागे फिरलो: या मुलाच्या शिक्षणासाठी सरकारने बाजूला काढलेला पैसा त्याच्या खासगी शाळेपर्यंत पोहोचू शकतो का? कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे आणि कागदांचा क्रम तसाच ठेवला आहे.

वडील वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात मशीनवर, पगार महिना १९,०००. आई घरी फॉल-पिको करते, सणासुदीला ब्लाउज शिवते. मूळ गाव पाटण तालुक्यात. धाकटी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. घरात कुणी दहावीच्या पुढे शिकलेलं नाही, आणि म्हणूनच मुलगा इंग्रजी शाळेत. यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपली मुलं कुठल्या शाळेत जातात ते पाहावं.

पहिल्या दिवशी मी त्याला वही काढायला सांगितली. फळ्यावरून उतरवलेली पानं सुवाच्य होती, हेच शाळेला फसवणारं होतं. तो अक्षरं चित्रासारखी उतरवत होता. तेच वाक्य तोंडी सांगून लिहायला लावलं की सगळं कोसळायचं. मराठीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल. मात्रा गळालेल्या. पहिली वेलांटी तर हमखास चुकीच्या जागी, आणि त्यात त्याचं काय चुकलं? 'कि' म्हणताना 'क' आधी ऐकू येतो, पण लिहिताना वेलांटी आधी काढायची. कानाचा क्रम एक, हाताचा दुसरा. 'कमल' त्याने तीनदा 'कलम' वाचलं आणि तिन्ही वेळा त्याला खात्री होती.

गणितातही तेच. 'सत्तावीस' म्हटलं की तो ७२ लिहायचा. आपल्याकडे एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. मला त्या थट्टेचा आजही राग येतो. त्या बदलाचा सर्वांत जास्त उपयोग ज्या मुलांना झाला असता ती मुलं विनोद करणाऱ्यांच्या घरात नव्हती. हा मुलगा मात्र तोंडी हिशेबात पक्का. आईच्या गिऱ्हाइकांचे सुटे पैसे तोच परत करायचा.

पहिली आणि दुसरी त्याने फोनवर केली होती, करोनामुळे. त्यामुळे शाळेपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं निदान ठरलेलं: 'लॉकडाऊनमुळे मागे पडलाय, येईल हळूहळू.' वर्गातली बाकीची मुलं दिवाळीपर्यंत सावरली. हा तिथेच राहिला.

कागदाच्या चकरा

मी आईला पहिल्याच भेटीत सांगितलं की एलडीचा दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. हे माझ्या मनाचं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. तिचं मोजमाप कसं करायचं याचे तेव्हा लागू असलेले केंद्राचे निकष जानेवारी २०१८ चे. बुद्ध्यंक चाचणी, मग बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बनवलेला चाचणीसंच, आणि दाखल्यासाठी मूल आठ वर्षांचं असावं. पुन्हा तपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी. यामागचं शास्त्र बरोबर आहे. सहा वर्षांची कित्येक मुलं अक्षरं उलटी लिहितात आणि पुढे ती सुधारतात. त्यांच्यावर शिक्का मारणं अन्याय ठरेल.

ऑगस्टमध्ये आठ पूर्ण झाले. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात नंबर लावला, तारीख मिळाली जानेवारी २०२३ ची. मग डोळ्यांची तपासणी, कानांची तपासणी, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शैक्षणिक चाचणी, पुन्हा मुख्याध्यापिकेचं पत्र कारण आधीच्या पत्रावर शिक्का नव्हता. एकूण सात फेऱ्या. प्रत्येक फेरीला वडिलांचा किंवा आईचा एक दिवस बुडाला. मे मध्ये प्रमाणपत्र हातात आलं: बुद्ध्यंक ९८, वाचन आणि लेखन या दोन्हींत विशिष्ट अध्ययन अक्षमता.

इथे चूक झाली ती माझी. मी ते प्रमाणपत्र पाहून आईला म्हटलं, 'झालं, हाच दाखला.' तो शाळेतल्या आणि पुढे बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी चालणारा कागद होता: जादा वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट. दिव्यांगत्वाचा दाखला, ज्यावर टक्केवारी असते आणि ज्यावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं, तो वेगळा. त्यासाठी पोर्टलवर वेगळा अर्ज, वेगळी तारीख, वेगळं वैद्यकीय मंडळ. हे मला माहीत असायला हवं होतं. मी वर्षानुवर्षं दहावीच्या सवलतींपुरतंच या कागदांकडे पाहत आले होते, म्हणून दुसऱ्या कागदाची मला कधी गरजच पडली नव्हती. त्या कुटुंबाचे पाच महिने गेले. कार्ड आलं नोव्हेंबर २०२३ मध्ये. मुलगा सव्वानऊ वर्षांचा, चौथीत.

पैशाची वाट

त्या वर्षीचा त्यांचा हिशेब मी वहीत लिहून घेतला होता. शाळेची फी ३८,५००. व्हॅन महिना १,१०० प्रमाणे दहा महिने, ११,०००. माझा क्लास आठवड्याला तीन तास, तासाला ३५० रुपये, म्हणजे महिना ४,२०० आणि दहा महिन्यांचे ४२,०००. बेरीज ९१,५००. वडिलांचा वर्षाचा पगार २,२८,०००. दिव्यांग योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, आणि यांचे शंभरातले चाळीस रुपये एका मुलाच्या चौथीवर जात होते. मी माझी फी अर्धी करायला तयार होते. आईने ऐकलं नाही. 'ताई, फुकटचं शिकवलं की पोरगं फुकटचं समजतं.'

आता सरकारी पैसा. सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव आरटीईचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या आणि सरकारने शाळेला पैसे द्यायचे. फी किंवा सरकारने ठरवलेला प्रतिविद्यार्थी खर्च, यांतलं जे कमी असेल ते. महाराष्ट्रात ही कमाल रक्कम वर्षाला १७,६७० रुपये. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं 'वंचित घटका'त आली, आणि वंचित घटकातल्या दिव्यांग मुलाला उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकासाठी मात्र पालकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. या कुटुंबाचं उत्पन्न त्याच्या वर, जातीच्या दाखल्याचा आधार नाही. म्हणजे वाट एकच, दिव्यांगत्वाची.

आणि ती वाट सुरू होण्याआधीच संपलेली. आरटीईचा प्रवेश फक्त प्रवेशस्तरावर होतो, म्हणजे शाळा जिथून सुरू होते त्या वर्गात, बहुतेक ठिकाणी पहिलीत. पहिलीसाठी मुलाचं वय सहा ते साधारण साडेसात. एलडीचा दाखला आठव्या वर्षानंतर. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. अध्ययन अक्षमता असलेलं मूल, केवळ त्या कारणावरून, २५ टक्क्यांतल्या जागेवर बसूच शकत नाही. कायद्याच्या यादीत त्याचं नाव आहे, पण सोडतीत त्याचं नाव कधी येणार नाही. हे कुणी कट करून केलेलं नाही. एका खात्याने शिक्षणशास्त्र पाहून वय ठरवलं, दुसऱ्याने वैद्यकशास्त्र पाहून वय ठरवलं, आणि मधल्या दीड-दोन वर्षांच्या फटीत ही मुलं पडली. मी एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, 'तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण कोर्टात जायला पहिलीत नाकारलेलं मूल लागेल, आणि पहिलीत या मुलाकडे काही मागायला कागदच नसतो.'

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर त्या परिसरातल्या खासगी विनाअनुदानित शाळेने २५ टक्के जागा देण्याची गरज नाही. ठाण्यासारख्या दाट वस्तीत याचा अर्थ खासगी शाळा जवळजवळ सगळ्याच बाहेर. मुंबई उच्च न्यायालयाने मे मध्ये स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. आमच्या मुलाला याने काही फरक पडणार नव्हता. तरी आई रोज विचारायची, 'कोर्टाचं काय झालं?' तिला वाटत होतं, त्या निकालात कुठेतरी तिच्या पोराचंही आहे.

मग कलम ३१. दिव्यांग हक्क कायद्याचं हे कलम चांगल्या शब्दांत लिहिलंय: लक्षणीय (म्हणजे किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, हा अठरापर्यंत जातो. पण 'शेजारची शाळा' खासगी असेल तर तिची फी कोण भरणार, कुठल्या खात्यातून, कोणत्या दराने, हे या कलमात नाही. आरटीईची भरपाई कितीही रखडू दे, तिची निदान एक यंत्रणा आहे. इथे हक्क आहे, रोखपाल नाही. विशेष शाळेचा पर्याय आम्ही विचारातही घेतला नाही. ९८ बुद्ध्यंकाच्या, तोंडी हिशेबात पक्क्या असलेल्या मुलाला केवळ वाचता येत नाही म्हणून सगळ्या मुलांतून उचलून वेगळं बसवायचं, हे कुणालाच पटलं नाही.

समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, साहित्य, उपकरणं, मदतीसाठी. ती सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला नाही. महापालिकांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखायचा असतो. त्यातून काय द्यायचं हे शहरागणिक बदलतं. खाडीपलीकडे नवी मुंबई महापालिका दिव्यांग विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते आणि वाशीला तिचं दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठी स्वतंत्र ईटीसी केंद्र आहे. ऐरोलीत राहत असते तर, असं आई एकदा म्हणालीही. भाडं ऐकून गप्प बसली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचलं ते वेगळंच. माझ्याकडे तेव्हा कोपरीहून एक मुलगी यायची. तिला कमी ऐकू येतं, वडील रेल्वेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळतो, दिव्यांग मुलासाठी दुप्पट. तेव्हा महिना ४,५००, महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून ५,६२५. वर्षाचे ६७,५००. शाळा मान्यताप्राप्त असली की झालं, खासगी असो वा नसो. म्हणजे दिव्यांग मुलाच्या खासगी शिक्षणावर सार्वजनिक पैसा खर्च करावा की नाही, यावर आपण चर्चासत्रं भरवतो, आणि तो कधीचाच खर्च होतोय. फक्त तो बापाच्या नोकरीवरून ठरतो. रेल्वेतल्या बापाला ६७,५००, वागळे इस्टेटमधल्या बापाला शून्य. त्या रेल्वेतल्या गृहस्थांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी स्वतःच मला परिपत्रक दाखवलं आणि म्हणाले, 'हे सगळ्यांना का नाही, मलाही कळत नाही.'

शाळेतली बैठक

जानेवारी २०२४ मध्ये मी आईवडिलांबरोबर शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी सुरुवातच केली, 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. त्याच्या भल्यासाठी सांगते, दुसरी शाळा बघा.' मी दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ ची प्रत बरोबर नेली होती. सरकारी अनुदान असो वा केवळ मान्यता, प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेप्रमाणे सोयी करायच्या, आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करायचं. 'लवकरात लवकर ओळखायचं' हे कायद्यात आहे, हे त्यांना नवीन होतं. मलाही काही वर्षांपूर्वी नवीनच होतं.

बाईंनी ते शांतपणे वाचलं. त्या वाईट बाई नाहीत. म्हणाल्या, 'मॅडम, कायदा बरोबर आहे. शिक्षिका कुठून आणू?' मी तिथेच आकडेमोड केली. विशेष शिक्षिकेला महिना २५,००० धरले तर वर्षाचे तीन लाख. शाळेत नऊशे मुलं. मुलामागे वर्षाला ३३३ रुपये. त्या हसल्या. 'फी ३३३ नी वाढवली तर तुमचेच पालक गेटवर घोषणा देतील. आणि आरटीईच्या मुलांचे सरकारकडून यायचे पैसे अजून आलेले नाहीत, ते वेगळंच.' थकबाकीची तक्रार खोटी नाही. राज्यभरातल्या संस्थाचालकांची ती कायमची तक्रार आहे आणि रक्कम कोटींमध्ये आहे.

वडील तासभर एक शब्द बोलले नव्हते. निघताना म्हणाले, 'फी तर आम्ही पूर्ण भरतो ना, बाई?' त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

शाळेने एवढं मान्य केलं: परीक्षेत जादा वेळ, फळ्याजवळची जागा, शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरी एका शिक्षिकेने पाळली, दुसरीने नाही.

समजा १७,६७० मिळाले असते तर

हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला, आणि उत्तर मला आवडलं नाही. ज्या मुलांचं दिव्यांगत्व लवकर कळतं त्यांच्याकडे पाहून ते मिळतं. माझ्या माहितीतली स्वमग्न मुलगी, तिला साडेचार वर्षांची असतानाच दाखला मिळाला, पहिलीला आरटीईतून खासगी शाळेत जागा लागली. पेढे वाटले. दोन महिन्यांत शाळेने सांगितलं, शॅडो टीचर आणा, नाहीतर सांभाळता येणार नाही. शॅडो टीचर म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारी मदतनीस. महिना दहा ते बारा हजार, आईवडिलांच्या खिशातून. सरकारचा पैसा शाळेकडे गेला तो बाकड्याचा. त्या बाकड्यावर बसून मुलीने शिकावं यासाठी जे माणूस लागतं, त्याचा खर्च घरावरच राहिला. मोफत म्हणजे कोणतंही शुल्क नाही, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. पण हे शुल्क शाळा घेतच नाही, पालकांना 'स्वेच्छेने' करायला लावते.

आमच्या मुलाला आरटीईची जागा मिळाली असती तर त्याचे ३८,५०० वाचले असते, हे लहान नाही. पण तो त्या वर्गात तसाच बसला असता, 'कमल'ला 'कलम' वाचत. जे ४२,००० त्याला खरंच पुढे नेत होते ते कुठल्याच योजनेत बसत नव्हते. म्हणून हल्ली कुणी 'सरकारने पैसे थेट पालकांच्या हातात द्यावेत, ते हवी ती शाळा निवडतील' असं म्हणालं की मी आधी विचारते, तो पैसा कशावर खर्च करता येईल? फक्त फीवर असेल, तर बाकडं मिळेल. शिकवणाऱ्या माणसावरही असेल, तर मी त्या बाजूची आहे, खासगी-सरकारी या वादात न पडता.

आम्ही काय केलं

मार्च २०२४ मध्ये मी आईला सुचवलं, पाचवीपासून अनुदानित मराठी शाळेत घाला. फी आठवीपर्यंत नाही. समग्र शिक्षाचे ३,५०० तिथे लागू. विशेष शिक्षक शाळेत येतो. आणि सर्वांत मोठं, घरची भाषा. देवनागरीत अक्षर आणि आवाज यांचं नातं इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं सोडली तर दिसतं तसं बोलायचं. इंग्रजीत 'though', 'tough' यांची स्पेलिंग पाठ करणाऱ्या मुलाला ही सवलत दाखल्याशिवाय मिळते.

आई ऐकून घेऊन म्हणाली, 'इंग्लिश सुटलं की सुटलंच, ताई. वरच्या माळ्यावरची पोरं त्याला काय म्हणतील?' तीन आठवडे ती आलीच नाही. माझं चुकलं होतं ते हे की मी तिला फक्त फायदे सांगितले. तिच्या दृष्टीने ती फी म्हणजे शिकवण्याचा मोबदला नव्हताच. तो पाटणहून निघालेल्या घराने एक पायरी वर चढल्याचा हप्ता होता. तिला मी तो बुडवायला सांगत होते.

वाट सापडली ती सेमी इंग्लिशमध्ये. ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. आई आणि मी तिथल्या मुख्याध्यापकांना भेटलो. सरांनी दाखला पाहिला, घडी घातली आणि मुलालाच विचारलं, 'तुला काय चांगलं येतं?' तो म्हणाला, 'हिशेब.' सरांनी त्याला तोंडी तीन गणितं घातली. जून २०२४ मध्ये प्रवेश झाला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या महिन्यात तो रोज पोट दुखतं म्हणायचा. जुने मित्र व्हॅनमधले, ते सुटले. विशेष शिक्षकांकडे बऱ्याच शाळा असल्याने ते पंधरा दिवसांतून एकदा येतात, कधी तेही नाही. माझा क्लास चालू आहे. पण वर्षाचा खर्च ९१,५०० वरून ५०,००० च्या आत आला. डिसेंबरमध्ये त्याने माझ्याकडे तिसरीच्या पातळीचा उतारा एकही शब्द न गाळता वाचला, सात मिनिटं लागली. त्या दिवशी त्याने 'कमल' बरोबर वाचलं आणि थांबून माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणते का ते बघायला.

पुढचे कागद आत्ताच ठरलेत. २०२८ मध्ये चौदा पूर्ण, पुन्हा तपासणी. नववीला आरटीईचं मोफत संपेल, तेव्हा कलम ३१ पुढे करावं लागेल, आणि शाळा अनुदानित असल्याने तिथे निदान ते मागायला जागा आहे. आईने सगळं एका पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलंय, वर लाल पेनाने दोन्ही तारखा.

जानेवारी २०२५ मध्ये आरटीईचं पोर्टल उघडलं. त्याच आठवड्यात ती धाकटीला घेऊन आली. मुलगी आता पहिलीच्या वयाची. बोलायला उशिरा लागली होती, आणि 'मामा' शी यमक जुळणारा शब्द सांग म्हटलं तर 'आत्या' सांगते. दोन भावंडांपैकी एकात वाचनाची अक्षमता असेल तर दुसऱ्यात असण्याची शक्यता वाढते, हे मला माहीत आहे आणि तिला आता कळलंय.

'हिला आत्ताच कागद मिळेल का, ताई? दादाला उशीर झाला.'

मी नाही म्हटलं. तिला आठ पूर्ण व्हायला अजून दोन वर्षांवर काळ आहे. मग मी तिला रोज रात्री दहा मिनिटं बडबडगीतं म्हणून शेवटचे शब्द जुळवायला सांगितले, टाळी वाजवत शब्दाचे तुकडे पाडायला शिकवलं, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घेऊन या म्हटलं. दादा बाहेर बाकावर बसून तिच्या चपलेचा बंद लावत होता.